पत्त्यावरील पात्र : चिन्ह आणि रेषा

जबलपूरहून भेडाघाटला जाणारा प्रवासी धुवांधार धबधबा पाहून पुष्कळदा तसाच परत फिरतो. जवळच्या टेकडीवर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. कलचुरी राजांच्या काळी, दहाव्या शतकाच्या सुमारास उभारलेले हे मंदिर वर्तुळाकार असून त्याच्या भिंतीलगत योगिनींच्या मूर्ती ओळीने बसविलेल्या आहेत. बहुतेक मूर्तींची घडण एकाच धाटणीची आहे. मग एक योगिनी दुसरीपासून वेगळी ओळखावी कशी? शिल्पकारांनी त्यासाठी दोन उपाय योजले. आसनाखाली वाहन अथवा एखादे चिन्ह कोरले आणि आसनावर नाव लिहिले. आज अनेक मूर्तींचे हात तुटलेले आहेत, चेहरे भंगलेले आहेत. परंतु जेथे आसन शाबूत आहे, तेथे ओळखही शाबूत राहिली आहे.

खेळाच्या पत्त्यासाठी नवे पात्र रेखाटणाऱ्या चित्रकारापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. पत्ता तळहातात मावावा लागतो, क्षणभरच दिसतो आणि हातातील इतर पत्त्यांखाली अर्धाअधिक झाकलेला असतो. तेवढ्यात खेळणाऱ्याने पात्र ओळखले पाहिजे.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर गंजिफांतून दिले आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा असे बारा पत्ते, म्हणजे एकूण एकशेवीस गोल पत्ते असतात. मत्स्याच्या रंगास मासा, कूर्माच्या रंगास कासव, परशुरामाच्या रंगास परशू अशी चिन्हे असतात. पाच रंगांत दहाचा पत्ता वरचढ, तर उरलेल्या पाचांत तोच सर्वांत हलका. यामुळे चिन्ह ओळखण्यात चूक झाली की डावच बिघडतो. येथे चित्र केवळ शोभेसाठी नसते. खेळाचा नियमच त्याच्यावर उभा असतो. कागदाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवून, त्यावर कुंचल्याने चित्र काढून आणि लाखेची झिलई देऊन हे पत्ते तयार होत. यंत्रावर छापलेले स्वस्त पत्ते आले आणि हा व्यवसाय जवळजवळ बसला. १९७१च्या सुमारास शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात त्याला पुन्हा आश्रय दिला, म्हणून ती कला टिकली.

कुंचल्याची जागा आता पुष्कळ ठिकाणी संगणकाने घेतली आहे. संगणक चित्र दोन रीतींनी साठवितो. एका रीतीत चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी असते. अडीच इंच रुंद व साडेतीन इंच उंच पत्ता इंचाला तीनशे ठिपके या प्रमाणात घेतला, तर साडेसातशे गुणिले एक हजार पन्नास, म्हणजे ७,८७,५०० ठिपके होतात. तेच चित्र भिंतीवर लावण्याइतके मोठे केले की ठिपक्यांच्या पायऱ्या दिसू लागतात. दुसऱ्या, म्हणजे व्हेक्टर रीतीत ठिपके साठविले जात नाहीत. रेषेचा नियम साठविला जातो. एका वक्ररेषेसाठी चार बिंदू पुरतात. दोन तिची टोके असतात आणि मधले दोन, ताणलेला दोरा बाजूस ओढावा तसे, तिला आपल्याकडे ओढतात. रेषा मात्र त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. आकार कितीही वाढविला तरी नियम तोच राहतो, म्हणून कड स्वच्छ राहते. हे गणित मुळात मोटारींसाठी विकसित झाले. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९मध्ये आणि पुढे रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी मोटारीच्या पत्र्याची वळणे नेमकी सांगता यावीत म्हणून ते बसविले. पुढे त्याच वक्ररेषांनी छपाईची अक्षरे आणि चित्रे घडू लागली.

समजा, जबलपूरच्या एखाद्या तरुण चित्रकाराने नर्मदाकाठच्या जीवनावर पत्त्यांचा खेळ रचावयाचे ठरविले आणि भेडाघाटचा संगमरवर कोरणारा कारागीर हे त्यातील एक पात्र निवडले. प्रथम संगणक बाजूस ठेवून कागद-पेन्सिल घ्यावी हे बरे. कारागीर बसतो कसा, छिन्नी कोणत्या हातात धरतो, हातोडी कोठवर उचलतो, हे प्रत्यक्ष पाहावे. नंतर आकृती सबंध काळ्या रंगाने भरावी आणि अंगठ्याच्या नखाएवढी लहान करावी. तरीही तो कारागीर वाटला, तर बैठक साधली. न वाटल्यास डोळे, मिशा, अंगरख्याच्या चुण्या कितीही रेखाटल्या तरी उपयोग नाही. यानंतर संगणकावर शरीर, वस्त्र, अवजार आणि चौकट यांचे वेगवेगळे थर करावेत, बिंदू शक्य तितके थोडे ठेवावेत आणि रंग चार-पाचांवर जाऊ देऊ नयेत. छिन्नीचे चिन्ह पत्त्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात यावे, कारण हातातील पत्ते पंख्यासारखे पसरले असता तोच भाग उघडा राहतो. पार्श्वरंग कापण्याच्या रेषेबाहेर सुमारे तीन मिलिमीटर वाढवावा. अन्यथा कात्री किंचित सरकताच पांढरी कड दिसते.

या साधनाच्या सोयीतच त्याचा धोकाही आहे. चिताऱ्याचा प्रत्येक पत्ता नव्याने काढला जाई, म्हणून एकाच संचातील दोन मासेही थोडे वेगळे उतरत. व्हेक्टर आकृती हजारदा तशीच उमटते, तिच्यातील दोषही हजारदा उमटतो. शिवाय दुसऱ्याची आकृती उचलून तिचे चार बिंदू हलविणे फार सोपे झाले आहे. परदेशी खेळातील योद्ध्याच्या हाती छिन्नी देऊन त्याला भेडाघाटचा कारागीर म्हणता येईल. पण त्याची बैठक, त्याचे खांदे आणि त्याची नजर योद्ध्याचीच राहील. भेडाघाटचा कारागीर दगडासमोर वाकलेला असतो. ते वाकणे ज्याने पाहिले आहे, त्यालाच त्या पाठीचे वळण दोन बिंदूंत बसविता येईल.