थांबलेली पाती, धावणारा अंकुर

रेडिओवरून पाहायची कला शिकवणे म्हणजे फोनवरून पुरणपोळी वाढणे. तरी आजचा विषय डोळ्यांपुढे कमी आणि डोक्यात जास्त घडणारा आहे, म्हणून हे धाडस.

निवडणुकीचे दिवस असतात. वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यासारख्या गावाजवळ रिकाम्या शेतात चुन्याने गोल आखलेला असतो. धुरळा उडवत हेलिकॉप्टर उतरते आणि पुढाऱ्यापेक्षा यंत्राकडेच जास्त मोबाइल वळतात. रात्री ओसरीवर व्हिडिओ लावला की एखाद्याच्या फोनमध्ये नवल दिसते. घरघर ऐकू येते, धुरळा उठतो, हेलिकॉप्टर वर चढते. पाती मात्र जागची हलत नाहीत! जणू कोणी अदृश्य दोरीने ते वर ओढून घेत आहे.

यात लबाडी कोणाचीच नसते. कॅमेऱ्याला हालचाल दिसतच नाही. तो सेकंदाला ठरावीक स्थिर चित्रे टिपतो. मोबाइलवर बहुधा ३०. आता पाच सारख्या पात्यांचा पंखा मिनिटाला ३६० फेरे घेतो, असे धरू. म्हणजे सेकंदाला सहा फेरे. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत तो बरोबर एक पंचमांश फेरा फिरतो आणि पहिल्या पात्याच्या जागी दुसरे पाते येऊन उभे राहते. पाती एकसारखी, त्यामुळे ही अदलाबदल कळणार कशी? वेग जरासा कमी असला तर पाते त्या जागेच्या किंचित अलीकडे टिपले जाते आणि पंखा सावकाश उलटा फिरताना दिसतो. पडद्यावर टांगा पुढे धावतो आणि चाकांचे आरे मागे फिरतात, त्याचे कारण हेच.

चाकांच्या या चकव्यावर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८३१ मध्येच लिहिले होते, सिनेमा जन्माला यायच्या कितीतरी आधी.

पण या चकव्यातली कला समजून घ्यायची तर दादासाहेब फाळक्यांकडे जावे लागते. १९१२ मध्ये ते लंडनमध्ये विल्यमसन कॅमेरा खरेदी करून परतले. भांडवल घालणाऱ्यांना या यंत्राची करामत पटवायची होती. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि रोपाची चित्रे दिवसांच्या अंतराने एकेक करून टिपली. पडद्यावर बी फुटले, अंकुर वर आला, पाने उलगडली आणि हे सगळे मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटा चित्रपट. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. ज्याची हालचाल डोळ्याला दिसत नाही, ते रोप फाळक्यांनी धावते केले. मोबाइल धावती पाती थांबवतो. दोन्हीकडे करामत एकच आहे: दोन चित्रांमध्ये किती वेळ गाळायचा, एवढीच.

मग चित्रपटगृहात हेलिकॉप्टरची पाती अशी गोठलेली सहसा का दिसत नाहीत? तिथे छायाचित्रकार शटर जाणूनबुजून जास्त वेळ उघडे ठेवतो. सेकंदाला २४ चित्रांच्या चित्रीकरणात ते साधारण सेकंदाचा ४८वा भाग उघडे असते. तेवढ्यात आपल्या उदाहरणातले पाते ४५ अंश फिरून जाते आणि चित्रात फरफटल्यासारखे पुसट उमटते. तो पुसटपणा हा दोष नव्हे. गती जाणवते ती त्यातूनच. भर उन्हात मोबाइलचे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते किंवा त्याहून कमी उघडते. तेवढ्या वेळात पाते दोनेक अंशच सरकते, म्हणून ते कोरीव उमटते आणि चकवा साधतो. शिवाय बरेच मोबाइल एकेक चित्र ओळीओळीने वाचतात, म्हणून कधी पाती विळ्यासारखी वाकलेली दिसतात. तो निराळा चकवा आहे, गल्लत करू नये.

हेलिकॉप्टर काही रोज उतरत नाही. तीन पात्यांचा टेबल पंखा मात्र घरोघरी असतो. श्रोत्यांनी तो दुपारच्या लख्ख उजेडात दाराशी ठेवावा, जोरात चालवावा आणि बंद करून तो मंदावताना व्हिडिओ काढावा. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आसपास पाती क्षणभर थबकतील, मग उलटी फिरतील. वेग ३००वर आला की पंखा चक्क सहा पात्यांचा दिसू लागेल. तिथे व्हिडिओ थांबवून एकेक चित्र पुढे सरकवावे. प्रत्येक चित्रात पाती तीनच सापडतात.