एका युनिटात किती पाणी?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील कृषी विस्तार अधिकाऱ्यांच्या भाषणाचा मजकूर)



पंप कसा आहे असं विचारलं, की आपण म्हणतो, "पाच हॉर्सपॉवरचा आहे." पण हॉर्सपॉवर म्हणजे मोटारीची ताकद. त्या ताकदीतली किती पाण्याला लागते आणि किती वाया जाते, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी कार्यक्षमता पाहावी लागते. हा विषय शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. आज तो आपण विहिरीवर नेऊ.

ऊर्जा नष्ट होत नाही, तिचं फक्त रूप बदलतं. मोटारीत शिरलेल्या विजेतून काही भाग पाणी वर चढवतो. उरलेला मोटार तापवण्यात, बेअरिंगच्या घासण्यात, आवाजात आणि पाइपातल्या घर्षणात जातो. एक रुपया दिला आणि त्यातले किती पैसे कामी आले, तेवढी कार्यक्षमता.

हिशेब असा करा

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ते एक मीटर उचलायला 9.8 ज्यूल ऊर्जा लागते. विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागाकार केला, की काहीच वाया न जाता एका युनिटात सुमारे 3 लाख 67 हजार लिटर पाणी एक मीटर चढेल. पाणी 15 मीटर चढवायचं असेल, तर या आकड्याला 15 ने भागा. सुमारे 24,500 लिटर येतात. हा झाला सोळा आणे हिशेब.

आता आपल्या पंपाचा पाहू. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजा. दोनशे लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात, ते तीनदा पाहून सरासरी काढा. पंप अर्धा तास चालवून मीटरवर किती युनिट पडले, ते टिपा. समजा, उंची 15 मीटर आहे, ड्रम 25 सेकंदांत भरला आणि अर्ध्या तासात 2 युनिट पडले. म्हणजे तासाला 28,800 लिटर पाणी आणि 4 युनिट वीज. एका युनिटात 7,200 लिटर. यायला हवे होते 24,500. रुपयातले 30 पैसेसुद्धा धड कामी आले नाहीत!

पूर्ण रुपया कोणत्याच पंपात मिळत नाही. मोटारीची कार्यक्षमता 80 टक्के आणि पंपाची 60 टक्के धरली, तरी दोन्ही मिळून 48 टक्केच होतात. त्यातून पाइपाचं घर्षण वजा करा. तेव्हा 40 टक्क्यांच्या पुढे गेलात, तर जोडणी ठीक समजा. 30 च्या खाली असाल, तर दोष शोधलाच पाहिजे. घरात आठवी-नववीचं मूल असेल, तर हे गणित त्याच्याकडूनच करून घ्या.

गळती कुठे शोधावी?

पहिली जागा फूट व्हॉल्व्ह, ज्याला आपण सर्रास फुटबॉल म्हणतो. त्याच्या जाळीत पालापाचोळा अडकला, की पंपाला पाणी ओढायला जड जातं. जाळी वेळोवेळी साफ करा. नवीन घेताना मोकळी, मोठ्या भोकांची आणि आय.एस.आय. चिन्हाची घ्या.

दुसरी जागा पाइप. तेवढंच पाणी तीन इंचीऐवजी अडीच इंची पाइपातून नेलं, तर घर्षण जवळजवळ अडीचपट होतं. पाइप घेताना वाचवलेले पैसे मग रोज विजेत जातात. काटकोनी एल्बो टाळून लांब वळणाचे बेंड वापरा.

तिसरी जागा पाइपाचं तोंड. हौदाच्या काठापेक्षा दोन मीटर उंच नेऊन पाणी खाली सोडलेलं पुष्कळ ठिकाणी दिसतं. 15 मीटरच्या जागी 17 मीटर चढवावं लागतं, म्हणजे आठवा हिस्सा वीज जास्त.

चौथी जागा ओढीची बाजू. काठावरचा पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबावर. म्हणून पंप पाण्यापासून सहा मीटरपेक्षा उंच नसावा. सांध्यातून किंवा ग्लँडमधून हवा धरत असेल, तर ती आधी बंद करा. पाणबुडी पंपाला ही अडचण नाही, पण वरचं मोजमाप त्यालाही लागू आहे.

पाचवी जागा कमी व्होल्टेज. मोटारीने सव्वापट करंट घेतला, तर वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीहून जास्त होते, आणि मोटार जळते. योग्य क्षमतेचा कपॅसिटर बसवा. ऑटो स्विच काढून टाका. वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या, की भार गावच्या डीपीवर येतो.

कोणतंही काम करण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढायला विसरू नका.

बिल नाही, मग काळजी कशाला?

महाराष्ट्रात एप्रिल 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना लागू झाली. मग कशाला हा खटाटोप, असं कोणी म्हणेल. पण वीज फुकट असली, तरी तिचे तास मोजके आहेत. वरच्या उदाहरणातला पंप आठ तासांत 2 लाख 30 हजार लिटर पाणी देतो. दुरुस्ती करून कार्यक्षमता 40 टक्क्यांवर आणली, तर तेवढ्याच वेळात 3 लाख 13 हजार लिटर मिळेल. जादा 80 हजार लिटर म्हणजे एक एकरावर दोन सेंटिमीटर पाणी! विहिरीला पाणी बेताचं असेल, तर तेच पाणी दोन तास आधी उपसून होईल. रात्रीच्या अंधारात, साप-विंचवांच्या भीतीत दारे धरणाऱ्या माणसाला दोन तास आधी घरी येणं काय असतं, हे आपल्याला सांगायला नको.

वीज येते कुठून, हेही पाहा. कोयनेला पाणी खाली पडून वीज देतं, आपण वीज देऊन पाणी वर चढवतो. पण चंद्रपूर, कोराडीला कोळसा जाळावा लागतो, आणि त्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. वाटेत तारांमध्ये आणखी गळती. अशा पंपापर्यंत येता येता कोळशातल्या शंभर भागांपैकी आठ-नऊ भागच पाणी उचलतात. डिझेल इंजिनातही निम्म्याहून जास्त उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. सौर पंपाला इंधन लागत नाही, पण पॅनेलवर पडलेल्या उन्हाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमीच विजेत बदलतो. म्हणून पॅनेलवर धूळ आणि सावली नको, आणि पाइपजोडणी तिथेही निर्दोष हवी. ऊर्जा कुठलीही असो, पंपाची गळती आपल्यालाच बुजवायची आहे.

थोडक्यात लक्षात ठेवा

1. 3,67,000 ला उंचीच्या मीटरने भागा, आणि आपल्या पंपाच्या युनिटमागच्या लिटरशी ताडून पाहा.
2. फुटबॉल, पाइप, बेंड, पाइपाचं तोंड आणि हवेची गळती याच क्रमाने तपासा.
3. मोठी मोटार घेण्याचा विचार करण्याआधी आहे त्या पंपाची जोडणी सुधारा.
4. दर हंगामाला एकदा ड्रम लावून मोजा. पाण्याची पातळी, सेकंद आणि युनिट वहीत लिहून ठेवा.

येत्या आठवड्यात एक ड्रम आणि एक घड्याळ घेऊन विहिरीवर जा, आणि आपला रुपया किती पैशांना चालतो ते पाहा.