पेन्शनची उधारी



नोव्हेंबर महिन्यात सकाळच्या वेळी दादरच्या किंवा गिरगावच्या एखाद्या बँकेत डोकावून पाहा. हयातीचा दाखला द्यायला आलेल्या निवृत्तांची रांग दिसेल. कुणी मंत्रालयातले कारकून, कुणी शाळामास्तर. ‘आम्ही अजून आहोत’ एवढे कळवले, की पेन्शन पुढे चालू.

ही पेन्शन म्हणजे दानधर्म नव्हे. नाकरा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. केलेल्या कामाचाच तो मागाहून मिळणारा मोबदला. अगदी मान्य. पण मग एक प्रश्न उरतोच. मोबदला ज्या वर्षीच्या कामाचा, त्या वर्षीच तो बाजूला का काढला नाही?

जुन्या योजनेत पेन्शनसाठी पगारातून कपात नाही, आणि सरकारही त्यासाठी वेगळी गंगाजळी साठवीत नसे. शेवटच्या मूळ पगाराचा निम्मा भाग आणि वर महागाईभत्ता, हे सारे त्या त्या वर्षीच्या करांतून द्यायचे. म्हणजे माल आज उचलायचा, वाण्याच्या वहीत नाव लिहायचे आणि वही नातवाच्या हाती द्यायची! माणसे आता जास्त जगतात, ही आनंदाची गोष्ट; पण वहीची पाने त्यामुळे वाढतात, हेही खरे.

१ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राने नव्या नोकरदारांसाठी ही रीत बदलली. दहा टक्के कर्मचाऱ्याचे, दहा टक्के सरकारचे, असे दरमहा साठू लागले. हिशेब चोख झाला. पण जोखीम मात्र सारी कर्मचाऱ्याच्या अंगावर आली. बाजार बसला तर म्हातारपण बसले! ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत मार्च २०२३ मध्ये राज्यातील लाखो कर्मचारी संपावर गेले, ते काही उगाच नव्हे.

त्याआधी, डिसेंबर २०२२ मध्ये, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी नागपूरच्या अधिवेशनात जुन्या पेन्शनचा भार १ लाख १० हजार कोटी रुपये सांगितला होता. आता यातली गोम पाहा. जुन्या योजनेकडे परत जाणे आजच्या तिजोरीला सोपेच जाते, कारण दरमहाचा सरकारी वाटा वाचतो. पंचविसाव्या वर्षी २००५ साली लागलेला कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी, २०३८ साली, निवृत्त होणार. बिल येईल ते तेव्हा. टाळ्या आजच्यांना, बिल उद्याच्यांना.

आणि हे उद्याचे कोण? लालबाग-परळच्या चाळीत गिरणी कामगारांची नातवंडे आहेत. आजोबांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली ठरली, ती महिना १ हजार रुपये! साबणाच्या वडीवरही कर भरणाऱ्या त्या घराने शेजारच्या खोलीतल्या पेन्शनचाही भार उचलायचा आहे. त्यांना कुणी विचारले आहे काय?

म्हणून शेजाऱ्याची पेन्शन काढून घ्या, असे मी म्हणत नाही. दिलेले वचन पाळलेच पाहिजे. पण पाळायचे ठरवले, तर त्याचे पैसे वचन देणाऱ्यांनीच बाजूला काढावेत. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत योजना जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. पंचवीस वर्षे नोकरी झाली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन नक्की. त्यासाठी केंद्राने आपला वाटा साडेअठरा टक्के ठरवला. खात्रीही आहे आणि साठवणही. वाट बरी आहे. पण हा वाटा पुरतो की नाही, याचा हिशेब दरवर्षी अर्थसंकल्पात सर्वांसमोर मांडला गेला पाहिजे.

चाळीत मूल जाणते झाले, की वडील त्याला घरातले देणे-घेणे सांगून ठेवतात. राज्यानेही तेवढे करावे. रांगेतल्या आजोबांना पेन्शन मिळो, आणि त्यांच्या नातवाला कोरी वही.