तांबरमच्या माळावरील प्रश्न : निर्मिती आणि उत्क्रांती
(हीरक महोत्सवी व्याख्यान)



चेन्नईच्या दक्षिणेस असलेले तांबरम आज गजबजलेले उपनगर आहे. १९३७ साली मद्रास ख्रिश्चन कॉलेज जॉर्ज टाउनमधील जुनी जागा सोडून येथे आले, तेव्हा सभोवती खुरट्या झुडपांचे रान होते. रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडवर्ड बार्न्स यांना वनस्पतींचा ध्यास होता. कॉलेजचा परिसर आज हिरवागार दिसतो, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. या एकाच आवारात प्रार्थनाही होते आणि प्राणिशास्त्राचा वर्गही भरतो. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, असे घरी ऐकलेला विद्यार्थी वर्गात कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीचा इतिहास शिकतो. या दोहोंपैकी खरे काय, हा त्याचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे.

याच तांबरमला डिसेंबर १९३८ मध्ये आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेची मोठी सभा भरली. जगभरातून चारशेहून अधिक प्रतिनिधी आले होते. सभेसाठी हेंड्रिक क्रेमर या डच विद्वानाने एक ग्रंथ लिहिला होता. ईश्वरी प्रकटीकरण आणि मानवी धर्म यांत मोठी दरी आहे, असा त्याचा आग्रह होता. त्याच वर्षी मद्रासच्या काही भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी भारतातील ख्रिस्ती धर्माचा पुनर्विचार मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांत पांडिपेड्डी चेंचय्या अग्रणी होते. ते मद्रास ख्रिश्चन कॉलेजचेच माजी विद्यार्थी. व्यवसायाने वकील आणि पुढे पुदुक्कोट्टै संस्थानात न्यायाधीश.

चेंचय्यांनी उत्क्रांतीला शत्रू मानले नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. जडातून जीवन आले, जीवनातून मन आले. मग निर्मिती येथेच थांबली असे कशावरून म्हणायचे? त्यांच्या मते येशू ख्रिस्त हा निर्मितीच्या नव्या टप्प्याचा आरंभ आहे. देवाने एकदा सृष्टी घडवली आणि हात धुऊन तो मोकळा झाला, असे नाही. निर्मिती अजून चालू आहे, असा या विचाराचा गाभा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चेंचय्यांचे हे म्हणणे जीवशास्त्र नव्हे. डार्विनच्या नैसर्गिक निवडीला पूर्वनियोजित ध्येय नाही. ती शिडीप्रमाणे वर चढत नाही, तिला वृक्षाप्रमाणे फांद्या फुटतात. म्हणून चेंचय्यांचा विचार विज्ञानाचा पुरावा म्हणून मांडता येत नाही. ते श्रद्धेचे चिंतन आहे आणि तसेच ते वाचले पाहिजे. सृष्टी कशी घडली, याचे उत्तर निरीक्षण आणि प्रयोग देतात. ती मुळात का आहे आणि माणसाने तिच्यात कसे वागावे, हे प्रश्न निराळे.

असा भेद म्हणजे विज्ञानाला घाबरून आता शोधलेली पळवाट, अशी शंका कोणी घेईल. परंतु उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. सूर्यावाचून सकाळ-संध्याकाळ कशी झाली, हा प्रश्न प्राचीन भाष्यकारांनाही पडला होता. इ. स. ४३० मध्ये निवर्तलेल्या ऑगस्टीनने हे दिवस नेहमीचे दिवस नसावेत असे म्हटले. निसर्गाविषयी अज्ञानाने बोलून श्रद्धावंतांनी धर्मग्रंथाचे हसे करून घेऊ नये, असा इशाराही त्याने दिला. तेव्हा डार्विनच्या जन्माला चौदा शतके अवकाश होता.

महाराष्ट्रालाही या विषयाचा जुना परिचय आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. धर्मप्रचार आणि शाळा सांभाळून त्यांनी सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह विदर्भातील खडक तपासले, जीवाश्म गोळा केले. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे सापडलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन लंडनमध्ये रिचर्ड ओवेन यांनी केले. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. हे काम त्याआधीच सुरू झाले होते. १८६३ साली नदीत बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज त्यांचे नाव चालवते. खडकात दिसले ते त्यांनी लपवले नाही, आणि त्यासाठी श्रद्धाही सोडली नाही.

तरीही सर्व अडचणी मिटतात असे नव्हे. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या आणि तिला आतून पोखरणाऱ्या गांधीलमाशीच्या जातीतील कीटकांविषयी डार्विनने १८६० मध्ये मित्र एसा ग्रे यांना लिहिले. दयाळू देवाने हे मुद्दाम निर्मिले असेल, हे त्याच्या मनाला पटेना. ग्रे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आणि उत्क्रांतीचे समर्थक. त्यांचा पत्रव्यवहार पुढेही चालूच राहिला. दुःखाचा हा प्रश्न आजही खुला आहे, आणि तो खुला आहे हे मुलांना सांगण्यात कमीपणा नाही.

हे सर्व एका मराठी शाळेच्या व्यासपीठावर सांगण्याचे कारण आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. त्याविरुद्ध १८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी पत्रक काढले. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला मग हा विषय पुन्हा भेटत नाही. घर कोणत्याही धर्माचे असो, शाळेने मुलाला देव किंवा डार्विन यांतून एक निवडायला लावले, तर ते मूल एक तर घरी खोटे बोलू लागते किंवा वर्गात. पालकांनी त्याच्या प्रश्नाला गप्प करू नये आणि शिक्षकांनी त्याच्या श्रद्धेची थट्टा करू नये. साठ वर्षे टिकलेल्या शाळेकडून पुढच्या पिढीची एवढी अपेक्षा रास्त आहे.