मात्रा कोण मोजणार?

(कर्जत येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या कर्जतजवळ वेणगावला २००६ पासून श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्याच्या या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याचा अभिमान आपल्याला आहेच. पण घरी राहणारा रुग्ण ज्या गोळीच्या आधारे जगतो, तिच्याविषयी आपण बोलत नाही.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन मनोविकारावर वापरले गेले. १९५८ साली बेल्जियममध्ये हॅलोपेरिडॉल निघाले. साखळदंड सुटण्यास या औषधांचा मोठा हातभार लागला. ती स्वस्त आहेत आणि गुणकारीही. जुनी म्हणून त्यांना नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न मात्रेचा आहे. हॅलोपेरिडॉल एके काळी दिवसाला वीस-वीस मिलिग्रॅम, क्वचित त्याहूनही अधिक दिले जाई. पुष्कळ रुग्णांना दोन ते पाच मिलिग्रॅम पुरतात, हे पुढे मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या संशोधनाने दाखवले. त्यापलीकडे गुण फारसा वाढत नाही, त्रास मात्र वाढतो.

आणि तो त्रास कष्टकऱ्याच्या थेट पोटावर येतो. अंग ताठरते, हात कापतात. मग खालापूरच्या खाचरात भातलावणी करायची कशी? क्लोरप्रोमॅझिनने ऊन सोसवत नाही, उठताना भोवळ येते. वीटभट्टीवरच्या मजुराला हे परवडावे कसे? सर्वांत फसवा प्रकार अस्वस्थतेचा. पाय एका जागी ठरत नाहीत, माणूस अंगणात येरझारा घालतो. घरच्यांना वाटते, आजार उलटला. घाईतला डॉक्टरही मात्रा वाढवतो, आणि येरझारा आणखी वाढतात! वर्षानुवर्षे औषध घेणाऱ्या काहींची जीभ व ओठ आपोआप हलू लागतात. हा दोष कायमचाही राहू शकतो.

म्हणून कुणी गोळी परस्पर बंद करू नये. तसे केल्यास आजार खरोखरच उलटतो. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा कंपावर ट्रायहेक्सिफेनिडिल देणे, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. मात्र तीव्र ताप, ताठर अंग आणि हरपलेली शुद्ध एकत्र दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. तिथे जीवच धोक्यात असतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार औषधाचे दुष्परिणाम समजून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या शासकीय दवाखान्यांत अत्यावश्यक यादीतली औषधे विनामूल्य मिळावीत, असेही तो कायदा सांगतो. तेव्हा रेशनकार्डासाठी तहसीलात जाता तसे रुग्णाबरोबर दवाखान्यातही जा. गोळीचे नाव आणि मात्रा कागदावर लिहून मागा, आणि त्याचे हात कामावर कसे चालतात, हे डॉक्टरांना सांगा.