चालकाच्या शिक्षणाचा खर्च कोणाचा?

(करमाड येथील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा सारांश)



करमाडच्या एका अंगाला शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे, तर दुसऱ्या अंगाला जालन्याचे लोखंडाचे कारखाने. या दोहोंचा माल वाहून नेणारी मालमोटार कोणीतरी चालवावीच लागते. कोरडवाहू शेतीवर ज्याचे भागत नाही असा तरुण त्या कामाकडे वळतो, तेव्हा कायदा त्याच्याकडून काय मागतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याचे वय २० वर्षे पूर्ण हवे आणि हलक्या वाहनाचा परवाना निदान १ वर्ष त्याच्यापाशी असावा लागतो. १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार मान्यताप्राप्त शाळेत किमान ३० दिवसांचे शिक्षण, त्यात १५ तास प्रत्यक्ष वाहन चालविणे आणि शाळेचा दाखला या अटी आहेत.

या अटी जाचक नाहीत. प्रश्न आहे तो त्यांच्या खर्चाचा. शुल्क तरुण भरतो, महिन्याची मजुरीही त्याचीच बुडते. चालक निष्णात झाल्याचा लाभ मात्र वाहनमालक, कारखानदार, विमा कंपनी आणि रस्त्याच्या कडेने चालणारा पादचारी या साऱ्यांना मिळतो. लाभ सर्वांचा आणि भार एकट्याचा, अशी विभागणी झाली की भार टाळण्याकडे कल वाढतो. मग तास कागदावर भरले जातात आणि खरे शिक्षण होते ते क्लीनर म्हणून उस्तादाच्या शेजारी बसून, रात्री-अपरात्री. उस्तादाचे कसब तेथे मिळते, तशाच झोप मारून गाडी हाकण्याच्या सवयीही मिळतात.

२०१९ मध्ये केंद्राने परिवहन वाहनचालकांसाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट काढून टाकली. हात कुशल असूनही ज्यांना शाळा लाभली नाही, त्यांना दार उघडले हे योग्यच झाले. पण त्यामुळे प्रशिक्षणाची जबाबदारी अधिकच वाढली. २०२१ च्या नियमांनी अधिमान्यताप्राप्त केंद्रे आणली. तेथे अवजड वाहनांसाठी ६ आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आहे आणि केंद्राची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास परिवहन कार्यालयाची चालनचाचणी माफ आहे. अभ्यासक्रम सुधारला, परंतु सपाट प्रदेशात २ एकर जमीन बाळगणारा भांडवलदारच असे केंद्र काढू शकतो. शिवाय जो शुल्क घेतो तोच उत्तीर्ण करतो, ही व्यवस्था निर्धोक कशी मानावी?

फिटर वा टर्नर होऊ पाहणाऱ्या शिकाऊ उमेदवाराला १९६१ च्या कायद्याने विद्यावेतन मिळते आणि त्याला शिकविण्याचा भार मालक उचलतो. मालमोटारीच्या चालकाला हाच न्याय का नसावा? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शासनाने हे शिक्षण द्यावे, मालवाहतुकीचा लाभ घेणाऱ्या उद्योगांनी त्याचा खर्च उचलावा, शिकण्याच्या काळात तरुणाला विद्यावेतन मिळावे आणि परीक्षा शिकविणाऱ्याच्या हाती असू नये. या चार मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी गावोगावच्या तरुणांकडे आणि क्लीनरांकडे गेले पाहिजे. सुरक्षित रस्ता हा साऱ्या समाजाचा लाभ आहे. त्याची किंमत एकट्या मजुराने मोजावी, हे समाजवादाला मान्य होण्यासारखे नाही.