दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेनंतर
(चिंचणी येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आमच्या उजव्या डोळ्यावर गतवर्षी शस्त्रक्रिया झाली हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहे; समाचारास न आलेले घर विरळाच. प्रत्येकाचा प्रश्न एकच असे, ‘आता दिसते ना?’ त्यास होय किंवा नाही असे सरळ उत्तर देता येत नाही. म्हणूनच चिटणिसांनी बोलण्याची आज्ञा करताच आम्ही हा विषय घेतला.

डोळ्याच्या मागील भिंतीस आतून लागून असलेला पातळ पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्यास छिद्र पडले की आतील द्रव त्यामागे शिरतो आणि ओल धरलेला गिलावा सुटावा तसा तो सुटत जातो. दुखत मुळीच नाही. विजा चमकल्याचा भास होतो, काजळीचे कण तरंगतात, मग एका बाजूने अंधार सरकू लागतो. असे होईल त्याच दिवशी नेत्रवैद्य गाठावा. वाणगावची पुढची गाडी मिळेपर्यंत जो उशीर होईल तेवढाच. लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी १९२० नंतरच्या दशकात छिद्र बंद करण्याची पद्धत रूढ करण्यापूर्वी हा विकार असाध्यच गणला जाई. १९७०च्या सुमारास रॉबर्ट माखेमर यांनी मायामी येथे डोळ्यातील काचाभ द्रव काढून घेण्याची युक्ती सिद्ध केली. आमच्यावरील उपचार त्याच वाटेचे.

द्रव काढून वायू भरतात. वायू वर चढून पटलास दाबून धरतो. म्हणून छिद्राची बाजू वर राहील असे मस्तक ठेवावे लागते. आमच्या वाट्यास दहा दिवस अधोमुख राहणे आले, जेवताना आणि निजतानाही. भेटीस येणाऱ्यांची केवळ पावले दिसत, आणि पावलांवरून माणूस ओळखण्यात आम्ही बरेच प्रवीण झालो. वायू विरू लागला तशी गवंड्याच्या पाणसळीप्रमाणे एक रेषा डोळ्यापुढे डुलू लागली. तिच्या वर स्वच्छ, खाली धूसर. वस्तुतः वायू डोळ्यात वर असतो, पण पटलावरील प्रतिमाच उलटी, त्यामुळे दिसतो खाली. वायूच्या प्रकारानुसार तो दोन आठवडे ते दोन महिने टिकतो. तोवर विमान वर्ज्य, उंच घाटही वर्ज्य. हवेचा दाब घटला की वायू फुगून डोळ्यातील ताण वाढतो. यास्तव पुतणीच्या लग्नास बंगळूरला जाणे राहिले. तिने राग धरला नाही, व्याह्यांनी धरला.

खरी परीक्षा पुढे होती. दागिन्यांचे साचे कोरणारी, डायमेकिंगची घरे आपल्या भागात पुष्कळ, आमचे त्यांतलेच. दृष्टी परतली, परंतु वाकडी होऊन परतली. पडदा मध्यभागापर्यंत सुटला होता, आणि तो पुन्हा बसला तरी त्याची वीण पूर्ववत झाली नाही. किनाऱ्यावरील सुरूचे झाड मध्येच लचकलेले दिसे. उजव्या डोळ्यास वस्तू लहान, डाव्यास पूर्ववत. दोघांचा मेळ बसेना. पेल्यात ओतलेले पाणी बाहेर जाई, जिन्याची शेवटची पायरी चुके. छिन्नीचे टोक खुणेच्या केसभर अलीकडे पडे, आणि पोलादावर केसभर म्हणजे सारे काम वाया. घरात कमावते हात दोनच. चार महिने आम्ही हत्यार उचलले नाही. मागण्या निम्म्यावर आल्या. आता नक्षी आम्ही कागदावर मोठी काढतो, कोरतो चिरंजीव, आणि उठाव बोटांनी पारखून देतो तो पुन्हा आम्ही. त्याची रेघ आमच्यापेक्षा खोल जाते. गिऱ्हाइकांस ती आवडते, हे ऐकून घ्यावे लागते.

वर्षभर सुधारणा होत राहते असे डॉक्टर सांगतात. मोतीबिंदू लवकर वाढण्याचा संभवही आहे, त्याची तयारी ठेवली आहे. दर रविवारी एक डोळा झाकून चौकटींचा कागद पाहतो. मधली खळी पूर्वी सहा घरांची होती, आता चारांची आहे.

एक विनंती आहे. आज पंक्तीत वाढणाऱ्यांनी आमच्या डाव्या बाजूने यावे. उजवीकडून आलेली पळी आम्हांस ताटात वरण पडल्यावरच कळते.